भेगांचें औषध

हिंवाळा आल्याची वर्दी आमच्या शिरोळांत पंचांगाच्या आधीं पायांना मिळते. दिवाळी उलटते, साखर कारखान्याच्या धुराड्यांतून धूर निघूं लागतो, गांवाबाहेरच्या मोकळ्या रानांत ऊंसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात, आणि त्याच सुमारास एखाद्या सकाळीं अंथरुणांतून उठून पाय खालीं ठेवतांच टांचेंत कांहींतरी बारीक टोंचतें. वांकून पाहावें तों उन्हाळ्यांत काळ्या रानाला पडतात तशा भेगा टांचेच्या कडेकडेनें उमटलेल्या असतात. एका अंगाला कृष्णा आणि दुसऱ्या अंगाला पंचगंगा अशा दोन नद्यांच्या बेचक्यांत आमचें गांव वसलेलें. पावसाळ्यांत हें पाणी इतकें माजतें कीं २०१९ च्या ऑगस्टांत तालुक्यांतील गांवेंच्या गांवें त्यानें वेढलीं होतीं. अशा मुलखांतल्या माणसांच्या टांचा चार महिन्यांनीं कोरड्या पडून उकलाव्या, या विसंगतीचें आम्हांस लहानपणापासून नवल वाटत आलें आहे.

भेगांसारख्या क्षुल्लक विषयावर इतकी शाई खर्चीं घालावी काय, असें वाचक कदाचित् विचारतील. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, ज्यांची टांच रात्रभर ठणकली आहे अशा कोणाला तरी त्यांनीं आधीं हा प्रश्न विचारून पाहावा.

आमच्या आजीजवळ एक पितळेची डबी होती. तिच्या तोंडाला फडक्याचा तुकडा लावून वर झांकण घट्ट बसविलेलें असे, आणि आंत पिंवळट पांढऱ्या रंगाचा, लिंबाएवढा एक गोळा असे. घरांत त्याला आमसुलाचें तेल म्हणत. तेल म्हणावें तर डबी उपडी केली तरी तें सांडत नसे, आणि तूप म्हणावें तर बोट फिरविलें तरी तें सहजासहजीं बोटाला लागत नसे. या नांवाचा आणि रूपाचा मेळ आम्हां मुलांना कधींच बसला नाहीं. रात्रीं सर्वांचीं जेवणें उरकलीं कीं आजी चुलीच्या वैलावरचें ऊन पाणी घंगाळांत ओतून घेई, त्यांत बराच वेळ पाय सोडून बसे, वजरीनें टांचा घांशी, पंचानें पाय टिपी, आणि मग डबी उघडी. गोळ्याचा कपटा पळींत घालून ती पळी निखाऱ्यावर धरी. पाहतां पाहतां तो पाण्यासारखा पातळ होई. तें तेल कोमट झालें कीं आजी तें भेगेंत थेंब थेंब सोडी. आंत उतरतांच तें पुन्हां थिजे आणि भेग लिंपली जाई. आमचें सारें लक्ष त्या पळीकडे असे. घंगाळ, वजरी आणि पंचा या गोष्टी आम्हीं पाहिल्या खऱ्या, पण ध्यानांत ठेवल्या नाहींत. या विसरण्याचें मोल पुढें कोणाला द्यावें लागलें तें ओघानें येईलच.

तो गोळा शिरोळचा नव्हे. तो घाट चढून येई. कोंकणांत व गोमंतकांत उन्हाळ्यांत कोकमाचीं फळें पिकतात. त्यांच्या सालीचें आमसूल होतें हें सर्वांस ठाऊक आहे. बियांचें काय होतें हें घाटावर फारसें कोणी विचारीत नाहीं. त्या बिया वाळवितात, फोडतात, कुटतात आणि तो भरडा पाण्यांत उकळतात. तेल हलकें, म्हणून तें वर तरंगतें. तें काढून घेऊन निवूं दिलें कीं थिजतें, आणि मुठींत दाबून त्याचे गोळे वळतात. गोमंतकांत या फळाला भिरंड म्हणतात, म्हणून तेलाला भिरंडेल हें नांव. तिकडे तें पोटांतहि घेतात. शास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर या तेलांत स्टिअरिक व ओलिइक या दोन आम्लांचा भरणा मोठा असतो, आणि ३८ ते ४२ अंश सेल्सियसच्या सुमारास तें वितळतें. माणसाच्या अंगाची ऊब ३७ अंशांची. म्हणजे हें तेल अगदीं शिवेवरचें आहे. डबींत तें खड्यासारखें कठीण राहतें, आणि दोन तळहातांमध्यें चोळीत राहिलें कीं हळूहळू आपला ताठा सोडतें.

आजी गेल्यावर तिची डबी कपाटाच्या मागच्या खणांत गेली, आणि न्हाणीघरांतील फळीवर दुकानांतल्या बरण्या आल्या. त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. रॉबर्ट चेझब्रो नांवाच्या गृहस्थांनीं खनिज तेलापासून केलेल्या व्हॅसलीनचें पेटंट अमेरिकेंत १८७२ सालीं घेतलें. तेव्हांपासून तो पदार्थ घरोघरीं भेगा बुजवीत आला आहे, आणि त्या कामांत तो कोणत्याहि घरगुती मलमाला हार जात नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु २०२० च्या टाळेबंदींत बाजार बंद पडला, घरांतल्या बरण्या रित्या झाल्या, आणि दिवसांतून दहादां साबणानें हात धुऊन धुऊन आमच्या आईचीं बोटें पेऱ्यापेऱ्यावर उकलूं लागलीं. पीठ मळतांना मीठ लागलें कीं तिच्या तोंडून ‘आई ग’ असा उद्गार निघे. तेव्हां त्या पितळेच्या डबीची आठवण झाली.

निर्बंध सैल होतांच कोंकणांतल्या एका स्नेह्यांनीं कोकमतेलाचे गोळे धाडले. आमच्याच जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यांतलें पाटगांव आज मधाचें गांव म्हणून ओळखलें जातें. मेण तिकडचें मिळालें. तिळाचें तेल घाण्यावरून आणलें. एवढ्या सामग्रीवर आम्हीं स्वयंपाकघरांत जो कारखाना काढला त्याची कृति येथें देतों.

मेण, कोकमतेल आणि तिळाचें तेल हीं तिन्ही वजनानें सारखीं घ्यावीं. पहिल्या खेपेस प्रत्येकीं ५० ग्रॅम पुरे. मेण वितळावयास ६२ ते ६४ अंश उष्णता लागते, म्हणून तें आधीं किसून घ्यावें. पातेल्यांत पाणी तापत ठेवून त्यांत एक कोरडें भांडें बसवावें आणि त्या भांड्यांत मेण विरूं द्यावें. तें प्रत्यक्ष विस्तवावर कधींहि ठेवूं नये. तापलेलें मेण पेटलें तर पाण्यानें विझत नाहीं, उलट भडकतें. मेण पातळ झालें कीं कोकमतेल घालावें, तें विरलें कीं तिळाचें तेल घालावें, आणि खालीं उतरून इडलीपात्राच्या वाट्यांत ओतावें. निवल्यावर वड्या सुटून येतात. वडी हातांत धरून चोळली कीं अंगाच्या उबेनें तिचा पातळसा थर कातडीवर उतरतो. हिंवाळ्यांत केलेली वडी मे महिन्यांत डबींत बसकण मारते, म्हणून उन्हाळ्यांत मेण किंचित् वाढवावें. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलींतला पाक थेंब टाकून पाहतो, तसा या रसाचाहि एक थेंब थंड ताटलींत टाकून नखानें दाबून पाहावा. ही युक्ति आमच्या आईची.

पहिल्या वड्या साधल्या तेव्हां आमच्या डोक्यांत सुधारणेचें वारें शिरलें. नुसत्या तेला-मेणानें काय होणार, त्यांत कांहीं ओलावा नको काय, असें म्हणून दुसऱ्या खेपेस आम्हीं परसांतल्या कोरफडीचा गर आणि वर चार चमचे गुलाबपाणी घातलें. रंग मोठा मोहक आला. शेजारीपाजारीं वड्या वांटूनहि झाल्या. आठवड्यानें डबी उघडली तों आंत हिरवट काळी बुरशी आणि आंबूस वास! आई म्हणाली, “लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घालूं नये एवढं तुम्हां सगळ्यांना कळतं. मग इथं कसं कळलं नाहीं?” शेजाऱ्यांच्या घरोघरीं जाऊन वड्या परत मागतांना आमची जी अवस्था झाली ती न सांगितलेली बरी. परंतु त्या फजितीनें एक गोष्ट मनावर ठसली. वडीचें टिकाऊपण तिच्या कोरडेपणांत आहे. जेथें पाण्याचा अंश नाहीं तेथें बुरशीला घर नाहीं, आणि म्हणून टिकविण्याच्या औषधाचीहि गरज नाहीं.

मग ज्या वडींत पाण्याचा थेंब नाहीं ती कातडीला ओलावा देते कशी? उत्तर असें कीं, ती मुळीं देतच नाहीं. आपल्या कातडीचा अगदीं बाहेरचा थर म्हणजे मृत पेशींची एक भिंत आहे. विटांच्या सांध्यांत चुना असावा तसा या पेशींच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ असतो. शरीरांतलें पाणी या भिंतींतून वाफेच्या रूपानें अहोरात्र थोडें थोडें बाहेर जात असतें. साबणानें हा चुना धुपतो, हिंवाळ्याची कोरडी हवा पाणी अधिक ओढते, आणि टांचेवर तर सर्व देहाचा भार. त्यांतून तळपायाच्या कातडींत तैलग्रंथि नसतात. ओली चामडी ताणते, कोरडी चामडी तडकते, हें चांभाराला सांगावें लागत नाहीं. तेला-मेणाचा थर जाणाऱ्या पाण्याला आडवा होतो, एवढेंच त्याचें काम. तो बांध आहे, झरा नव्हे. तळें आधींच आटलें असेल तर बांध घालून काय अडणार?

आमच्या जुन्या वैद्यकांत याच्या उलट चालीचें एक मलम आहे. त्याला शतधौत घृत म्हणतात. नांवांतच कृति सांगितली आहे. तांब्याच्या परातींत साजूक तूप घ्यावें, त्यांत थंड पाणी घालून तळहातानें फेंसावें, पाणी ओतून टाकावें, पुन्हां नवें घालावें, असें शंभर वेळां करावें. आम्हीं एका रविवारीं तें केलें. घरांतल्या तिघांनीं आळीपाळीनें हात लावला तरी सकाळचीं कामें दुपारवर गेलीं. हळूहळू तुपाचा पिंवळेपणा गेला, वास गेला, दाणा गेला, आणि शेवटीं परातींत लोण्याहून मऊ, पांढराशुभ्र, स्पर्शाला थंडगार असा गोळा राहिला. येथें पाणी तुपाच्या पोटांत इतकें बारीक होऊन बसतें कीं निराळें दिसत नाहीं. अर्थात् हा गोळा वडीसारखा टिकत नाहीं. लागेल तेवढाच करावा. दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या नांवावर मेण, ऑलिव्हचें तेल आणि गुलाबपाणी यांचें असेंच एक मलम सांगतात. आजच्या कोल्ड क्रीमचा तो पूर्वज. पश्चिम आफ्रिकेंतल्या बायका शिया नांवाच्या वृक्षाच्या बियांचा लगदा पाण्यांत घालून हातांनीं घुसळतात आणि त्यांतून निघालेलें तूप अन्नांतहि घालतात व अंगालाहि लावतात. आमच्या कोंकणांतल्या कोकमतेलाचें तें चुलत भावंडच म्हणावें. देशोदेशींच्या या मलमांत स्नेह आणि पाणी यांची जोडी कोठें ना कोठें असतेच. आमच्या आजीचें पाणी घंगाळांत होतें. पण हें सारें आम्हांस ठाऊक असूनहि आम्हांस उमगलें नव्हतें.

दोन हंगामांपूर्वींची गोष्ट आहे. आमच्या शेतांत ऊंसतोड चालू होती. टोळी बीडकडची होती. ऊंसतोडींत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तेथें माणसांची गणती हत्यारांवर चालते. त्यांतली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन एक पाय चवड्यावर टाकीत चालली होती. आमच्या आईनें तिला हांक मारून बांधावर बसविलें. टांचेंत करंगळीचें टोंक जाईल एवढी भेग होती. कडा काळ्या पडलेल्या, आंत लाल. आम्हीं मोठ्या उत्साहानें घरून दोन वड्या आणल्या आणि सांगितलें, “रोज रात्रीं ही वडी चोळून भेग भरून टाकायची. आठ दिवसांत गुण येईल.” तिनें वड्या पदराच्या गांठींत बांधल्या आणि म्हणाली, “लई उपकार झाले, दादा.” त्या रात्रीं आम्हांस दानाचें समाधान लाभून उत्तम झोंप लागली.

तोड पुढच्या शिवारांत गेली. दहाव्या दिवशीं सकाळीं तिचा नवरा आमच्या दारांत उभा राहिला. पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि अंगांत ताप होता. आम्हीं तिला घेऊन दवाखाना गांठला. डॉक्टरांनीं भेग उघडून साफ केली तेव्हां आंतून आमचें मेण निघालें, आणि त्याच्याबरोबर काळी माती, पाल्याचें कूस आणि पू. “हें आंत कोणीं भरलं?” असें त्यांनीं विचारलें. खोलींत आम्ही तिघेचौघे होतों; उत्तर द्यावयास कोणाचें तोंड उघडेना. शेवटीं ती बाईच म्हणाली, “म्याच भरलं, डाक्टर.” आमचें नांव तिनें घेतलें नाहीं.

तिनें आमच्या सांगण्याबाहेर कांहींहि केलें नव्हतें. रोज रात्रीं वडी चोळून भेग भरली होती. मात्र पाय न धुतां. चोर घरांत असतांना बाहेरून कडी लावावी तसें तें झालें. परत येतांना आईनें तिला विचारलें, “अग, आधीं पाय तरी धुवायचेस.” ती म्हणाली, “धुवाया पाणी कुठलं, आक्का? दोन हंडे लांबून आणायचे. त्यात पेणं, भाकरी, लेकरं. अन् पहाटं तीनला उठायचं, मग पाय भिजवत कवा बसू?” आई पुढें कांहीं बोलली नाहीं. त्या बाईचा पाय तीन आठवड्यांनीं बरा झाला. तितक्या दिवसांचे खाडे मात्र मुकादमानें तिच्या उचलींतून वळते करून घेतले.

डॉक्टरांनीं जातां जातां एक गोष्ट सांगितली ती आम्ही विसरलों नाहीं. कुष्ठरोगानें ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांना स्वतःच्या पायांची निगा राखावयास शिकवितात, तिचा क्रम ठरलेला आहे: रोज पाय पाहावे, पाण्यांत भिजवावे, जाड कातडी हलकेंच घांसावी, आणि पाय ओलसर असतांनाच तेल लावावें. तेल सर्वांत शेवटीं. भेग खोल असेल, रक्त किंवा पू असेल, किंवा मधुमेह असेल, तर वडीचें नांवहि काढूं नये, सरळ दवाखाना गांठावा. ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें घंगाळ, वजरी आणि पंचा या तीन वस्तु एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या. आजीनें हा क्रम कोणत्या पुस्तकांत वाचला नव्हता. आम्हीं मात्र तिची डबी तेवढी वारशानें घेतली आणि घंगाळ मागें ठेवलें.

आणि घंगाळ म्हणजे तरी नुसतें भांडें नव्हे. त्यांत ऊन पाणी होतें, पाणी तापवावयास सरपण होतें, आणि पाय सोडून बसावयास अर्धी घटका होती. या तिन्ही गोष्टी आजीच्या घरांत होत्या म्हणून तिच्या गोळ्याला गुण आला. खोपींत त्यांतली एकहि नव्हती. आम्हीं तिला वडी दिली ती जणूं सारें तिच्यापाशीं आहेच असें धरून दिली. आमच्या तालुक्यांत उंसाला पाण्याचा तोटा नाहीं. इतका नाहीं कीं, पाण्याच्या अतिरेकानें कितीएक जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि त्यांतलें पाणी निचरा करून बाहेर काढावयास जमिनीखालून नळ घालावे लागत आहेत. त्याच रानांतला ऊंस तोडणाऱ्या बाईला पाय धुवावयास घागरभर पाणी मिळूं नये! लहानपणापासून ज्या विसंगतीचें आम्हांस नवल वाटे तिचा खरा चेहरा आम्हीं त्या दिवशीं पाहिला. निम्मा दोष हवेचा असेल. उरलेला आमचा आहे.

यानंतर आम्हीं फार मोठें कांहीं केलें असें नाहीं. तोडीच्या दिवसांत बांधावर पाण्याचें एक पिंप भरून ठेवतों, शेजारीं पसरट घमेलें, वजरी आणि धुतलेलीं फडकीं. दुपारच्या भाकरीनंतर थोडा वेळ कोयते खालीं राहावे असें टोळीच्या मुकादमाशीं बोलून ठरविलें. तो आधीं हंसला, मग कबूल झाला. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनीं यंदा पिंपें ठेवलीं, एकानें ‘हीं थेरं कशाला’ म्हणून वाटेस लाविलें. एका पिंपानें टोळीभर माणसांच्या टांचा बऱ्या होत नाहींत हें आम्हांस दिसतें. खोपीपाशीं नळ आला पाहिजे, आणि दुखऱ्या पायाचा खाडा पडतां कामा नये, या गोष्टी आमच्या स्वयंपाकघरांत तयार होण्यासारख्या नाहींत. त्यांसाठीं बोलावें लागेल, आणि पुष्कळांनीं बोलावें लागेल.

वड्या आम्ही अजून करतों. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारीं पातेलें चढतें, इडलीपात्र निघतें, आणि घरभर मेणाचा मधासारखा वास सुटतो. आजीची डबी घांसूनपुसून पुन्हां वापरांत आली आहे. कोणी वडी मागावयास आलें कीं आई ती लगेच देत नाहीं. ती आधीं विचारते, “तुमच्याकडे पाण्याचं कसं काय आहे?” नव्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो. मग ती त्याला ओसरीवर बसवून घेते, आणि वडी हातांत ठेवण्यापूर्वीं घंगाळाची सारी हकीकत सांगते.